रत्नामावशीची फारकत

जळगावच्या मुलींच्या वसतिगृहात मी पाच वर्षं काढली आणि ती पाचही वर्षं रत्नामावशीच्या हातचं जेवले. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. पहिल्या आठवड्यात मी घरच्या आठवणीने जेवत नव्हते, तेव्हा मावशीने माझ्या ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टाकली, वर तेल आणि ठेचा घातला आणि म्हणाली, "रड, पण खात खात रड. उपाशी रडलं की डोकं दुखतं." मी हसले आणि जेवले. तिची सगळी माया अशीच असायची.

ती तेव्हा पस्तिशी ओलांडलेली. उंच, हडकुळी, कपाळावर बारीक काळी टिकली, गळा मोकळा. स्वयंपाकघराच्या मागची खोली हेच तिचं घर. नव्या पोरींनी "मावशी, तुमच्या घरी कोण कोण आहे?" असं विचारलं की ती म्हणायची, "तुम्ही साठ जणी आहात की." मग मोठ्या मुली त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगत, "त्यांची फारकत झालेली आहे. विचारू नका."

मी वकील झाले आणि जळगावच्याच कोर्टात बसू लागले. मावशीकडे येणंजाणं होतं. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ती कोर्टातल्या माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा मी दचकलेच. ती कधी वसतिगृह सोडून फारशी बाहेर पडत नसे.

"सोनल, कोर्टातून जुना कागद काढता येतो का गं?"

"कसला कागद?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "माझ्या फारकतीचा."

मी तिला कँटीनमध्ये नेलं. तिने चहा संपवला. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "पितांबरभाऊ माहीत आहेत ना तुला?"

पितांबरभाऊंना सगळं वसतिगृह ओळखायचं. समोरच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी दिपमाला नाशिकला दिलेली. वसतिगृहाचं दळण त्यांच्याकडेच असायचं. एका संध्याकाळी पिठाचा डबा मावशीच्या हातात देताना ते म्हणाले होते, "रत्नाबाई, मी एकट्यापुरती खिचडी टाकतो तरी अर्धी उरते. तुमचा काय विचार आहे?"

"कसला? खिचडीचा?"

"नाही. माझा."

त्यानंतर बरेच दिवस मावशीने दळण दुसऱ्या बाईच्या हाती पाठवलं. मग एक दिवस स्वतः गेली आणि हो म्हणाली. दिपमालानेही नाशिकहून फोन करून सांगितलं, "मावशी, बाबांचं ऐका. त्यांना एकट्याला काही जमत नाही." दोघांनी ठरवलं की गाजावाजा नको, सरकारी लग्न करायचं. विवाह नोंदणीच्या कार्यालयात गेले, तर तिथल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल आणलीत?" मावशीकडे नक्कल नव्हती. ती कधी कुणी दिली नव्हती आणि तिने कधी मागितली नव्हती.

"कुठल्या कोर्टात झाली होती?" मी विचारलं.

"धुळ्याला. सासर तिकडचं ना."

"नंबर? तारीख?"

"तेवढं माहीत असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?"

मग ती आठवून आठवून सांगू लागली. मीही तिची ही कहाणी पहिल्यांदाच ऐकत होते.

मावशीचं माहेर एरंडोलजवळचं. वडील नथ्थूनाना. एकोणिसाव्या वर्षी तिला धुळे तालुक्यातल्या जीवरामला दिली. जीवराम सुरतला कापडाच्या मागावर कामाला होता. लग्नानंतर महिनाभर राहिला आणि गेला. सुरतला एका खोलीत आठ माणसं पाळीपाळीने झोपायची, तिथे बायकोला कुठे नेणार? वर्षातून एकदा यायचा, तोही कधी चुकायचा. मावशी सासूबरोबर शेतात राबायची आणि सणाला वाट पाहायची.

"मारझोड नाही, दारू नाही, काही नाही," मावशी म्हणाली. "वाईट नव्हता बिचारा. पण सोनल, तो आला की मला लाज वाटायची. पाहुणा आल्यासारखी. मी पाणी द्यायची आणि आत जायची. नवऱ्याशी काय बोलायचं हेच मला कळत नसे, आणि त्यालाही नाही."

अशी पाच-सहा वर्षं गेली. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली आणि परत गेलीच नाही. दोन्हीकडच्या माणसांची बैठक बसली. जीवराम सुरतहून आला. तो एवढंच म्हणाला, "तिला नांदायचं नसेल तर मी जबरदस्ती करणार नाही." गावच्या रिवाजाने स्टँपपेपरवर फारकत लिहून मोकळं व्हावं असं बाकीच्यांचं म्हणणं होतं. नथ्थूनाना अडून बसले. त्यांना कोर्टाचाच कागद हवा होता. म्हणून दोघांनी मिळून धुळ्याच्या कोर्टात राजीखुशीचा अर्ज केला.

"साहेबांनी विचारलं, राजी आहात का? आम्ही हो म्हणालो. सह्या केल्या. संपलं," मावशी म्हणाली. "बाहेर आल्यावर जीवरामने मला उसाचा रस पाजला आणि सुरतच्या गाडीत बसला. त्यानंतर आजपर्यंत तोंड पाहिलेलं नाही."

"वर्ष कुठलं?"

"भावाला पहिली मुलगी झाली ते. दोन हजार. उन्हाळ्याची सुट्टी संपून कोर्ट नुकतंच उघडलं होतं."

मला एवढं पुरेसं होतं. निदान तेव्हा तसं वाटलं.

इतक्या जुन्या प्रकरणाची माहिती संगणकावर मिळत नाही. मी शोधाचा अर्ज लिहिला. त्यात दोघांची नावं, गाव, अंदाजे महिना आणि वर्ष घातलं, वर कोर्ट फीचं तिकीट लावलं आणि आम्ही दोघी एसटीने धुळ्याला निघालो. एरंडोल मागे पडलं, पारोळा आलं. मावशी सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत होती. पारोळ्याच्या स्टँडवर ती प्रत्येक खेपेला शेंगदाणे घ्यायची आणि हातातच धरून ठेवायची, खायची नाही.

पहिल्या खेपेला अर्ज स्वीकारला गेला, एवढंच. दुसऱ्या खेपेला अभिलेख कक्षातले कारकून रजेवर होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी दोन हजार सालच्या विवाह अर्जांची नोंदवही काढली. जूनच्या पानांवर बोट फिरवत गेले आणि थांबले. "हे बघा. जीवराम आणि रत्ना. अर्ज निकाली."

मावशीने हात जोडले. "निकाली! म्हणजे सापडलं ना, साहेब? झालं ना?"

कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही माझ्याकडे वळवून घेतली. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'उभय पक्ष गैरहजर. अर्ज निकाली.'

आमच्या कोर्टाच्या भाषेत प्रकरण संपलं की ते निकाली निघतं, मग मागितलेलं मिळो की न मिळो. राजीखुशीच्या घटस्फोटात दोघांना दोनदा यावं लागतं. पहिल्यांदा अर्ज करताना आणि मग सहा महिन्यांनी, अजूनही तेच म्हणणं आहे का हे सांगायला. दुसऱ्यांदा दोघंही आली नव्हती. कोर्टाने काही काळ वाट पाहिली आणि अर्ज काढून टाकला. मूळ कागदही नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झाले होते. उरली होती ती ही एक ओळ.

मी मावशीला बाहेर आणलं, एका बाकावर बसवलं आणि हे सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "त्या पावसाळ्यात नाना गेले. तारखेचं वकिलांनी त्यांनाच सांगितलं असणार. आम्हाला कोण सांगणार होतं? आणि तो तर सुरतला."

"हो. कुणाची चूक नाही, मावशी."

"म्हणजे फारकत झालीच नाही."

"नाही."

"मी अजून जीवरामची बायको आहे."

"कायद्याने, हो."

समोरून वकील, पक्षकार, बेड्या घातलेला एक माणूस आणि त्याच्यामागे पळणारी त्याची आई, असे सगळे जात होते. मग मावशी बोलायला लागली, माझ्याशी की स्वतःशी ते कळत नव्हतं.

"भावाच्या मुलीच्या हळदीला मी मागे उभी राहिले. सवाशिणींना बोलावलं तेव्हा भावजय माझ्याकडे बघेना, म्हणून मीच चुलीकडे निघून गेले. भाचीला मी अंगाखांद्यावर वाढवलेलं. वसतिगृहात संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं, तिळगूळ मी करायची आणि वाटायच्या वेळी भांडी घासत बसायची. कुणी म्हणायच्या आत आपणच बाजूला झालेलं बरं. तेवीस वर्षं, सोनल. आणि या वहीत मी सवाशीणच होते."

ती रडली नाही. नंतर हातातली शेंगदाण्यांची पुडी सोडली आणि अर्धे मला दिले.

परतीच्या गाडीत मी वकील म्हणून जे सांगायचं ते सांगितलं. जीवरामने पुढच्याच वर्षी दुसरं लग्न केलं होतं, हे तिला माहीत होतं. ते लग्न कायद्याने टिकत नव्हतं. तिने मनात आणलं तर ती तक्रार करू शकत होती, पोटगी मागू शकत होती. मावशी म्हणाली, "त्या बाईने माझं काय घेतलं? मीच सोडून आले होते." आणि थोड्या वेळाने, "तू त्याला नोटीस पाठवू नकोस. पोस्टमन कागद घेऊन दारात गेला तर घाबरून मरेल तो. आपण जाऊन सांगू."

आम्ही रविवारी गेलो. जीवराम आता सुरत सोडून गावी आला होता. थोडी कपाशी, दोन शेळ्या आणि घराला लागून छोटं किराणा दुकान. मोठा मुलगा ईश्वर पुण्यात कंपनीत होता. दुकानाच्या ओट्यावर एक पांढऱ्या मिशांचा माणूस लसूण निवडत बसला होता. मावशी त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा पाहिलं.

"रत्ना?"

"हो."

"काय?" त्याने हात कानामागे नेला.

मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने त्याचे कान गेले होते. हळू बोललेलं त्याला ऐकूच येत नव्हतं. त्यामुळे जे चार भिंतींत सांगायचं म्हणून आम्ही आलो होतो, ते मावशीला ओट्यावर ओरडून सांगावं लागलं. "आपली फारकत झाली नाही! कोर्टात दुसऱ्यांदा जायचं होतं, आपण गेलो नाही!" शेजारच्या ओट्यावरच्या बायकांनी धान्य पाखडायचं थांबवलं.

आतून त्याची बायको धुरपदाबाई आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण पहिलं काम तिने हे केलं की मावशीचा हात धरून तिला आत नेलं. "ये व बहीण, मजारमा बस. पाणी ले."

आत गेल्यावर ती मावशीसमोर जमिनीवरच बसली. "मंग मी कोण शे?" ती म्हणाली. "मन्हा पोर्‍या कोणा शेतस? लोक काय म्हंतीन?"

मी मध्ये बोलले. मुलांच्या हक्काला कायद्याने धक्का लागत नाही, हे सांगितलं. धुरपदाबाईने मान हलवली, पण डोळे मावशीवरच होते. तिला कायद्याचं उत्तर नको होतं.

मावशी म्हणाली, "तू या घरची. मी पाच-सहा वर्षं राहिले, तू जन्म काढलास. मला इथलं एक भांडंही नको. मला फक्त सुटायचंय, आणि तुलाही सोडवायचंय."

"आनी दुसरं काही नही?"

"दुसरं काही नाही. मला लग्न करायचंय."

धुरपदाबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या ओठांवर हसू आलं आणि ते तिने पदराने झाकलं. "या वयमा?"

"हो. या वयमा," मावशीही तिच्याच बोलीत म्हणाली आणि तीही हसली. मग दोघी इतक्या हसल्या की जीवराम आत डोकावून विचारू लागला, काय झालं, काय झालं, आणि त्याला कुणी काही सांगेना.

जेवल्याशिवाय तिने आम्हाला सोडलं नाही. शेवभाजी आणि भाकरी केली. निघताना तिने मावशीच्या कपाळाला कुंकू लावलं. मावशीची मान किंचित मागे गेली, सवयीने. मग तिने लावून घेतलं.

पुन्हा नव्याने राजीखुशीचा अर्ज केला. इतकी वर्षं वेगळं राहणाऱ्यांना पुन्हा सहा महिने थांबवण्यात अर्थ नाही, अशी वेगळी विनंतीही केली. तारखेच्या दिवशी तिघंही आली. धुरपदाबाई डबा घेऊन मागच्या बाकावर बसली. न्यायाधीश बाई तरुण होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "कधीपासून वेगळे राहता?"

मावशी म्हणाली, "नव्याण्णव सालापासून."

"समेटाची काही शक्यता आहे का? एकत्र राहण्याची?" हा प्रश्न कोर्टाला विचारावाच लागतो. त्यांनी तो जीवरामकडे पाहून विचारला.

जीवरामला ऐकू आलं नाही. पण साहेबांनी विचारलं म्हणजे होकार द्यावा, या समजुतीने त्याने अदबीने मान हलवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हो, साहेब!"

कोर्टात कुणीतरी हसलं. मागे धुरपदाबाईचा डबा खाली पडला. मी काही बोलायच्या आत मावशी त्याच्याकडे वळली आणि त्याच्या कानाशी ओरडली, "आपल्याला परत एकत्र राहायचंय का, असं विचारताहेत!"

जीवराम मावशीकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांत, कदाचित लग्नापासूनच, त्याने तिच्याकडे इतका वेळ पाहिलं नसावं. मग तो हळू आवाजात म्हणाला, म्हणजे त्याच्या मानाने हळू, "नाही साहेब. नाही राहायचं. पण बाई चांगली आहे. मीच तिला घर दिलं नाही. तसं लिहा."

न्यायाधीश बाईंनी क्षणभर खाली पाहिलं. "तसं लिहायची पद्धत नसते," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही म्हणालात, ते आम्ही ऐकलं."

थोड्याच दिवसांत विनंती मंजूर झाली आणि पाठोपाठ घटस्फोटही. हुकूमनामा झाला त्या दिवशी मी मावशीपुढे नकलेचा अर्ज ठेवला. ती म्हणाली, मीच लिहिणार. चौथीपर्यंत शिकलेल्या तिच्या अक्षरात तिने नाव, प्रकरणाचा नंबर आणि तारीख लिहिली. किती प्रती हव्यात, या जागी तिने दोन लिहिलं.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक धुरपदाची. तिलाही लग्न नोंदवायचंय ना. जीवरामच्या ध्यानात राहायचं नाही ते."

नक्कल हातात आली तेव्हा मावशीने मला ती वाचून दाखवायला लावली. दीड पान होतं. अर्जदार एक, अर्जदार दोन, विवाहाची तारीख, वेगळे राहण्याचा काळ, उभयतांची संमती, विवाह विसर्जित. मी वाचून संपवलं तरी ती पुढच्या वाक्याची वाट पाहत होती.

"एवढंच?"

"एवढंच."

"माणसं कशी होती, ते काहीच नाही यात."

"ते कोर्टाचं काम नसतं, मावशी."

"नसू दे. बरंच झालं," ती म्हणाली आणि कागद पिशवीत ठेवला.

जीवराम आणि धुरपदाबाईने महिन्याभरात धुळ्याला जाऊन नव्याने लग्न नोंदवलं. ईश्वर पुण्याहून आला होता, असं धुरपदाबाईने फोनवर सांगितलं. मला वाटलं, आता मावशीचंही लगेच उरकेल. पितांबरभाऊंनी नवा सदराही शिवून ठेवला होता. पण मावशी गिरणीत गेली आणि त्यांना म्हणाली, "मला थोडे दिवस द्या."

त्यांचा चेहरा उतरला. "मन बदललं का?"

"मन तेच आहे. पण इतकी वर्षं मी मोकळी आहे असं समजून राहिले आणि मोकळी नव्हते. आता खरंच मोकळी झाले आहे. ते कसं असतं, ते मला जरा बघू द्या."

पितांबरभाऊ म्हणाले, "बघा. मी इथेच आहे."

मावशीने काय बघितलं, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या काळात ती भाचीकडे जाऊन आली आणि तिथे कुणी काही विचारायच्या आत पुढे बसली. पद्मालयाच्या गणपतीला गेली, एकटीच. एकदा मला म्हणाली, "रात्री झोप चांगली लागते," आणि कारण सांगितलं नाही. मग पावसाळा संपता संपता एका सकाळी तिने मला फोन करून सांगितलं, साक्षीदार म्हणून ये, आधारकार्ड आण. नोंदणी कार्यालयात दिपमाला होती, वसतिगृहाच्या गृहप्रमुख बाई होत्या आणि मी.

मावशी अजून वसतिगृहात स्वयंपाक करते, फक्त संध्याकाळी गिरणीमागच्या घरी जाते. परवा मी तिथे गेले होते. वीज नव्हती, गिरणी बंद होती. पितांबरभाऊ दारात बसून पीठ चाळायच्या जाळीचा पत्रा ठोकत होते.

"कसं चाललंय?" मी मावशीला विचारलं.

"सवय होतेय अजून," ती म्हणाली. "काल रेशनच्या दुकानात विचारलं, घरात माणसं किती? मी एक म्हणून मोकळी झाले. मागून यांचा आवाज आला, अहो, मी उभा आहे ना इथे."

बाहेरून पितांबरभाऊ म्हणाले, "दुकानदारही हसला."

"तुम्ही पत्रा ठोका," मावशी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.